ओव्हर घेणारीला विचारा : नागपुरातल्या एका सत्काराच्या निवडीचं प्रकरण

नागपुरातल्या एका नर्सिंग स्कूलच्या आम्ही माजी विद्यार्थिनी. आपल्यातल्या काही जणींच्या नोकरीचा आणि सेवेचा सत्कार करायचं ठरलं, तेव्हा अर्जाचा नमुना मी तयार केला. चूक तिथेच झाली, म्हणून प्रकरणाची सुरुवातही तिथूनच करते. मी याच स्कूलमधून जीएनएम झाले, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला, पुढे पाठ्यनिर्देशिका म्हणून शिकवलं, आता निवृत्त आहे. स्कूलचं, रुग्णालयाचं किंवा कुणाही व्यक्तीचं नाव इथे येणार नाही. ज्या सिस्टरांभोवती हे सगळं फिरतं त्यांची ती अट आहे. बाकीचं लिहायला त्यांनी होकार दिला आहे.

अर्जात मी रकाने आखले होते ते असे: नाव, बॅच, निवृत्तीच्या वेळचं पद, मिळालेले पुरस्कार, संघटनेत भूषवलेली पदं, विशेष कार्य, आणि खाली एक ओळ, ‘प्रमाणपत्रांच्या प्रती जोडाव्यात’. दोन महिन्यांत १९ अर्ज आले. आम्ही पाच जणी धंतोलीत समितीतल्या एकीच्या घरी ते वाचायला बसलो. सगळे अर्ज नीटनेटके, फायलीत लावलेले. अधिसेविका, सहायक अधिसेविका, प्राचार्या, मस्कत आणि रियाधला वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या तिघी, संघटनेच्या माजी पदाधिकारी. एकही अर्ज अयोग्य नव्हता. पण वॉर्डात लागून वॉर्डातच निवृत्त झालेली एकही बाई त्यात नव्हती.

हे पहिल्यांदा बोलून दाखवलं ते समितीतल्या सगळ्यात लहान सदस्येने. ती आज एका सरकारी रुग्णालयात परिसेविका आहे आणि त्या दिवशी नाइट करून थेट आली होती. ती म्हणाली, “मॅडम, हे अर्ज कशाला मागवले आपण? ज्येष्ठता यादी मागवली असती तरी हीच नावं आली असती.”

तिचं म्हणणं समजायला सरकारी नोकरीची शिडी माहीत असावी लागते. मुलगी अधिपरिचारिका म्हणून लागते. बऱ्याच वर्षांनी परिसेविका होते, म्हणजे वॉर्डाची इनचार्ज. पुढे जागा निघाली तर सहायक अधिसेविका, आणि सगळ्यात वर अधिसेविका, जिला आपण अजून मेट्रनच म्हणतो. मोठ्या रुग्णालयात स्टाफ शेकड्यांनी असतो, मेट्रनची खुर्ची मात्र एकच. पदोन्नती आली की बहुधा बदलीही येते. घरी लहान लेकरं असली, सासू अंथरुणाला खिळलेली असली, नवऱ्याची नोकरी इथेच असली, की बाई पदोन्नती नाकारते आणि ५८ व्या वर्षी अधिपरिचारिका किंवा परिसेविका म्हणूनच घरी जाते. तिच्या कामात काही उणं असतं असं नाही. पण ‘निवृत्तीच्या वेळचं पद’ असा रकाना दिसला की ती अर्ज बाजूला ठेवते. आम्ही नंतर काही जणींना विचारलंही. उत्तर सगळ्यांचं सारखंच होतं: “त्यात भरायला माझ्याकडे काय आहे?”

आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ बाई स्वतः मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या आहेत. त्यांना हे टोचलं, आणि त्या बोलल्या त्यात तथ्य होतं. “मेट्रन होणं म्हणजे फक्त खुर्ची नाही,” त्या म्हणाल्या. “तीनशे पोरींच्या ड्यूट्या लावा. एकीचं बाळंतपण, एकीचं लग्न, एकीची नाइट तिसऱ्यांदा आली म्हणून रडणं, आणि वरून अधिष्ठात्यांचा फोन. मी कोणाला सलाइन लावलं नाही म्हणून मी सेवा केली नाही का?” या प्रश्नाला कुणीही नाही म्हणालं नाही. आजही म्हणणार नाही. ड्यूटीचा तक्ता नीट लागला नाही तर ४० खाटांच्या वॉर्डात रात्री एकच सिस्टर उरते, आणि मग माणसं मरतात.

मग धाकटीने अरुणा शानबागचा विषय काढला. १९७३ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या त्या नर्सवर रुग्णालयातच हल्ला झाला. २०१५ मध्ये त्या गेल्या तोवर जवळजवळ ४२ वर्षं त्याच रुग्णालयातल्या सिस्टरांनी त्यांना सांभाळलं. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या सिस्टरांचं कौतुक केलं. “त्यातल्या एकीचं नाव सांगता येईल आपल्याला?” तिने विचारलं. “आपणच नर्सेस आहोत. आपल्यालाच माहीत नाही.”

पुरस्काराला नाव कुणाचं द्यायचं यावरून आधी बोलणं झालं होतं, ते मला तेव्हा आठवलं. कमलाताई होस्पेटांचं नाव पुढे आलं होतं, आणि नागपूरकराच्या तोंडी दुसरं नाव येणारही नाही. १९२१ मध्ये त्यांनी आणि वेणूताई नेने यांनी मिळून इथे मातृसेवा संघ सुरू केला. कमलाताई बालविधवा. सुईणपणाचं शिक्षण त्यांनी घेतलं तेव्हा आपल्यातली बरीच घरं त्या कामाकडे हलकं काम म्हणून पाहत होती. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे सगळं आम्हाला पाठ आहे, कारण त्यांनी संस्था उभी केली आणि संस्थेला पाटी असते. त्या संस्थेत रात्री-बेरात्री बाळंतपणं करणाऱ्या बायांची पाटी कुठेच नाही. पुरस्काराला आम्ही शेवटी कुणाचंच नाव दिलं नाही.

दुसरं असं की, नर्सिंगमध्ये मोठे पुरस्कार नाहीत असं नाही. केंद्र सरकारचा राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार १९७३ पासून आहे, तो राष्ट्रपतींच्या हस्ते दिला जातो, आणि गावाकडच्या उपकेंद्रातल्या एएनएमलाही, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविकेलाही मिळतो. पण तिथे नाव पोचायला कुणीतरी वरच्याने शिफारस करावी लागते, कागद रंगवावे लागतात. जिची शिफारस करायला कुणी नव्हतं तिच्यापर्यंत एखाद्या छोट्या शहरी स्कूलच्या माजी विद्यार्थिनींनी तरी पोचायला नको का? त्या बैठकीत आम्ही काहीच न ठरवता उठलो.

एक फोन

पुढचे काही दिवस मी जुन्या बॅचच्या वह्या काढून फोन करत होते. वर्ध्याला राहणाऱ्या आमच्या एका सीनियरला विचारलं, तुम्ही अर्ज का नाही भरला. त्या म्हणाल्या, “माझं जाऊ दे वो. जळीत वॉर्डातल्या त्या सिस्टरांना विचारलं का? त्यांच्याकडून ओव्हर घेतला न, तर मले कधी चार्ट उलटून पाहावा लागला नाही.”

नर्स नसलेल्यांसाठी सांगते. ड्यूटी बदलताना जाणारी सिस्टर येणारीला खाटेखाटेवर पेशंटची हकिकत सांगते. कोणाला काय दिलं, काय द्यायचं राहिलं, कोणाची लघवी कमी झाली, कोणाकडे लक्ष ठेवायचं. याला आम्ही ओव्हर म्हणतो. वरिष्ठांना वॉर्ड दिसतो तो राऊंडच्या वेळी, चादरी ताणलेल्या असताना. खरा वॉर्ड कळतो तो ओव्हर घेणारीला, रात्री आठ वाजता आणि सकाळी आठ वाजता. आदल्या पाळीने काय केलं, काय केल्यासारखं दाखवलं आणि काय लपवलं, ते पुढच्या अर्ध्या तासात तिच्या गळ्यात पडतं. एखादीची नोकरी कशी झाली हे सांगायला तिच्यापेक्षा चांगली साक्षीदार नाही. तीस वर्षं नर्सिंग शिकवून मला हे अर्ज आखताना सुचलं नाही याचं मला फार वाईट वाटलं.

ज्या सिस्टरांचं नाव निघालं त्यांच्या हाताखाली मीही शिकले होते. विद्यार्थिनी म्हणून माझी सहा आठवड्यांची पोस्टिंग त्यांच्या वॉर्डात झाली, १९८० च्या दशकात. जळीत वॉर्डात तेव्हा बहुतेक खाटांवर तरुण बायका असत. कारण म्हणून केसपेपरवर ‘स्टोव्हचा भडका’ लिहिलेलं असे. वॉर्डाचा वास केसांत बसायचा, आम्ही मुली होस्टेलवर येऊन दोनदा अंघोळ करत होतो. मे महिन्यातल्या उकाड्यात अंगावर चादर सहन होत नाही, म्हणून खाटेवर लोखंडी कमान ठेवून त्यावर चादर टाकायची. केळीची पानं निर्जंतुक करून जखमेवर लावली की ड्रेसिंग काढताना कातडी ओढली जात नाही, हे मी तिथे पाहिलं. आणि तिथेच एक गोष्ट शिकले, जी पुढे माझ्या प्रत्येक बॅचला शिकवली.

पेशंट दारात आला की सिस्टर पहिला प्रश्न एकच विचारत: “किती वाजता जळाली?” नाव नंतर, गाव नंतर.

त्यामागचा हिशेब असा. भाजलेल्या माणसाच्या रक्तवाहिन्यांतलं पाणी झिरपून जातं आणि रक्तदाब कोसळतो, म्हणून सुरुवातीचे २४ तास भरपूर सलाइन द्यावं लागतं. त्या काळी वॉर्डात पार्कलंडचं सूत्र धरत: ४ मिली गुणिले वजन गुणिले भाजल्याची टक्केवारी. ५० किलोची बाई ४० टक्के भाजली तर ८,००० मिली, म्हणजे अर्ध्या लिटरच्या १६ बाटल्या. त्यातल्या निम्म्या, ८ बाटल्या, पहिल्या ८ तासांत जायला हव्यात. हे ८ तास भाजल्या क्षणापासून मोजायचे असतात, भरती झाल्यापासून नव्हे. काटोलकडच्या खेड्यात ती सकाळी सहाला जळाली, गाडी मिळून इथे पोचेपर्यंत दहा वाजले, वाटेत काहीच लावलं नाही, तर ८ बाटल्यांसाठी उरले फक्त ४ तास. दर अर्ध्या तासाला एक. दहापासून मोजलं तर तासाला एकच जाते, आणि लघवी बंद झाली की मग कळतं काय राहून गेलं ते. डॉक्टर ऑर्डर लिहीत, पण रात्री धावपळीत भाजल्याची वेळ विचारायची राहून जाई. सिस्टर ती वेळ चार्टच्या वरच्या कोपऱ्यात स्वतःच्या हाताने लिहीत आणि ओव्हर देताना आधी तीच सांगत. वर्ध्याच्या बाई म्हणाल्या ते याच कोपऱ्याबद्दल.

वेळेचा दुसराही उपयोग होता. घरच्यांनी सांगितलेली वेळ आणि पेशंटने सांगितलेली वेळ जुळली नाही तर सिस्टरांच्या ते लगेच ध्यानात येई. मृत्युपूर्व जबानी घ्यायला नायब तहसीलदार येत, पेशंट शुद्धीवर आहे असा दाखला डॉक्टर देत. पण त्याआधी खाटेभोवती उभे असलेले सासरचे लोक हलवायचे कोणी? सिस्टर म्हणत, “ड्रेसिंगचा टाइम झाला, सगळे बाहेर व्हा.” पडदा ओढून घेत. पुढे काय व्हायचं ते पेशंट आणि कायदा बघून घेई. त्या पडद्याची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही.

त्यांनी दोनदा पदोन्नती नाकारली होती. परिसेविका म्हणून निवृत्त झाल्या.

नियम बदलले, आणि एक नियम अडला

पुढच्या बैठकीत मी माझा अर्ज मागे घेतला. नव्या पद्धतीत अर्ज उमेदवाराने भरायचाच नव्हता. कुणीही नाव सुचवावं, आणि आम्ही तिघांना फोन करावेत: तिच्याकडून ओव्हर घेणारी, तिच्या हाताखाली शिकलेली, आणि तिच्या वॉर्डातली आया किंवा कक्षसेवक. तिघांनाही प्रश्न एकच: तुमच्या घरचं माणूस भरती असतं तर रात्री ड्यूटीवर कोण असावी असं वाटलं असतं?

या प्रश्नाला लोक थांबून उत्तर देत. काही जणींनी स्वतः सुचवलेलं नाव सोडून दुसरंच नाव सांगितलं. आधीच्या १९ मधली चार नावं याही पद्धतीत टिकली, त्यात दोन मेट्रन होत्या. एकीबद्दल तिच्या जुन्या कक्षसेवकाने सांगितलं की रात्री बाराला त्या न सांगता येत, कोणाला पकडायला नाही, तर स्टाफ कमी असेल तिथे स्वतः उभं राहायला. आमच्या ज्येष्ठ बाईंनी हे ऐकलं आणि त्यानंतर त्यांचा या पद्धतीला विरोध उरला नाही.

पण या पद्धतीतलं मोठं भोकही त्यांनीच दाखवलं. धारणीकडच्या उपकेंद्रात एकटीने नोकरी केलेल्या एएनएमकडून ओव्हर घेतं कोण? तिच्यानंतर पाळीच नाही. आमच्या स्कूलने एएनएमही घडवल्या आहेत, आणि मेळघाटात, भामरागडकडे गेलेल्या मुली आठ-आठ, दहा-दहा गावं एकटीने सांभाळत आल्या. त्यांच्यासाठी आम्ही गावातल्या दाईला आणि आशाताईला विचारायचं ठरवलं. ते पहिल्या वर्षी पुरेसं जमलं नाही. अशी एकच निवड झाली, आणि ती एकच का, याचं पटण्यासारखं उत्तर आमच्याकडे नाही.

मस्कतच्या ज्या माजी विद्यार्थिनीने हॉलचा आणि जेवणाचा खर्च उचलला, त्यांचाही सत्कार करावा असं एक-दोघींना वाटत होतं. त्यांनाच फोन केला तर त्या म्हणाल्या, पैसे दिले म्हणून शाल घेतली तर उद्या कोणी देणार नाही. तो विषय तिथे संपला.

तारखेवरून मात्र बरीच घासाघीस झाली. १२ मे हा जागतिक परिचारिका दिन. पण मे महिन्यात नागपूरचा पारा ४४ च्या आसपास, आणि सत्काराच्या बाया सत्तरी-पंच्याहत्तरीच्या. शिवाय त्या दिवशी प्रत्येक रुग्णालयाचा आपापला कार्यक्रम असतो. आम्ही जानेवारीतला शनिवार धरला, दुपारी चारची वेळ. सकाळची ड्यूटी दोनला सुटते, रात्रीची आठला लागते, त्या दोन्ही पाळ्यांच्या मुली येऊ शकतात. दुपारपाळीवाल्या मुकल्या. नर्सेसच्या कार्यक्रमाला सगळ्या नर्सेस कधीच येऊ शकत नाहीत, याला इलाज नाही.

मग जळीत वॉर्डाच्या सिस्टरांकडे आम्ही दोघी मानेवाड्याला गेलो. त्यांनी चहा केला आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “मले कायले बोलावता बाप्पा? मी ड्यूटी केली, सरकारनं पगार दिला. आता हे काहून करून राहिल्या तुम्ही?” मी त्यांना चार्टच्या कोपऱ्याची आठवण दिली. सांगितलं की माझ्या प्रत्येक बॅचला मी ते शिकवलं, त्या मुलींनी पुढे शिकवलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग विचारलं, “स्टेजवर त्या पोरींच्या गोष्टी सांगणार का तुम्ही?”

आम्ही मानपत्रात नेमकं तेच लिहायच्या बेतात होतो. एका पेशंटची हकिकत तर धाकटीने सुंदर लिहून आणली होती. सिस्टर म्हणाल्या, “नाही जमायचं. त्यायची लेकरं आता मोठी झाली असतील. नागपुरातच असतील. त्यायले कोणी विचारलं का?” आम्ही ती पानं काढून टाकली. इथेही मी एकीचीही गोष्ट सांगितलेली नाही ती त्यामुळेच.

दुसरी अट त्यांनी उठता उठता घातली. वॉर्डात त्यांच्याबरोबर वीसेक वर्षं काम केलेल्या मावशी अजून आहेत, पाचपावलीला राहतात. “ड्रेसिंग करताना पोरीले धरलं कोणी? तिनं धरलं. ती येत असंल तर मी येतो.”

मावशी आमच्या स्कूलच्या नाहीत. त्या शाळेतच फारशा गेलेल्या नाहीत. आमचा नियम साफ होता: सत्कार फक्त माजी विद्यार्थिनींचा. यावर समितीत जेवढा वाद झाला तेवढा मेट्रन विरुद्ध वॉर्ड यावरही झाला नव्हता. एकीचं म्हणणं, आज मावशी, उद्या ड्रायव्हर, मग स्कूलच्या नावाला अर्थ काय? धाकटीचं म्हणणं, मावशीला विचारून आपण नर्सची निवड करतो, आणि तिला स्टेजवर जागा नाही म्हणतो, हे बरं दिसत नाही. मला दोन्ही पटत होतं. शेवटी तोड निघाली ती आमच्या ज्येष्ठ मेट्रनबाईंकडून. मानपत्र सिस्टरांच्या नावाचं राहील, पण मजकुरात मावशींचं पूर्ण नाव येईल, आणि दोघी शेजारी-शेजारी बसतील. नियम मोडला की वाकवला हे मला अजून ठरवता आलेलं नाही, पण तसं करायला नको होतं असं मला एकदाही वाटलेलं नाही.

कार्यक्रमाचा दिवस

पाहुण्यांचं भाषण लांबलं. सत्कारमूर्तींना शाल-श्रीफळाबरोबर आम्ही स्कूलच्या प्रवेश रजिस्टरमधल्या त्यांच्या पानाची मोठी केलेली प्रत दिली: अठराव्या वर्षीचा अंगठ्याएवढा फोटो, गावाचं नाव, वडिलांची सही, आणि स्वतःची थरथरत्या अक्षरातली सही. बाया शाल बाजूला ठेवून ते पान एकमेकींना दाखवत होत्या. जळीत वॉर्डाच्या सिस्टरांनी माइक घेतला नाही. मावशींचं नाव मानपत्रात वाचलं गेलं तेव्हा त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि सिस्टरांनी त्यांचा हात धरून ठेवला. पुढच्या रांगेत युनिफॉर्मवर आलेल्या सकाळपाळीच्या मुली उठून उभ्या राहिल्या. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

एक चूक मात्र माझ्या मनातून जात नाही. एप्रिल २०२१ मध्ये कोरोना ड्यूटी करताना गेलेल्या आमच्या एका मैत्रिणीचा मरणोत्तर सत्कार होता. तिच्या यजमानांना आम्ही इतरांसारखंच नाव पुकारून बोलावलं. ते एकटे स्टेजवर आले, शाल हातात घेतली आणि खाली कुठे उतरायचं ते कळेना म्हणून तसेच उभे राहिले. टाळ्या थांबेनात. त्या महिन्यात तिच्या अंत्यविधीलाही ते धड उभे राहू शकले नव्हते. त्यांच्याबरोबर तिच्या बॅचची कोणीतरी असायला हवी होती, हे आम्हा पाचांपैकी एकीलाही आधी सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या बॅचच्या चौघी त्यांच्या घरी गेल्या आणि संध्याकाळपर्यंत बसल्या. ते आम्ही आधी करायला हवं होतं.

यंदाच्या नमुन्यात पदाचा रकाना नाही. तीन साक्षीदारांचे आहेत. पहिले दोन लोक भराभर लिहितात, नाव आणि फोन नंबरासकट. तिसऱ्यात, वॉर्डातल्या मदतनीसाच्या जागी, बहुतेकींनी फक्त ‘मावशी’ एवढंच लिहून पाठवलं आहे. वीस वर्षं एकत्र काम केलं, आडनाव माहीत नाही. मी आणि धाकटी सध्या ती आडनावं शोधतो आहोत. गेल्या आठवड्यात एक मावशी पारडीला सापडल्या. दुसऱ्या एकीचा मुलगा कळमना मार्केटला हमाली करतो, एवढा पत्ता लागला आहे. रविवारी धाकटीची ऑफ आहे, तेव्हा जाऊ.